ग्रुप पॉलिसी : दोषनिवारण

विंडोज डोमेनमधील संगणकांना व वापरकर्त्यांना एकाच ठिकाणाहून नियम लावणाऱ्या, विंडोज २००० पासून ॲक्टिव्ह डिरेक्टरीबरोबर आलेल्या ग्रुप पॉलिसी या व्यवस्थेतील बिघाड शोधून दूर करण्याची पद्धती. प्रत्येक धोरणाचा एक भाग ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, तर दुसरा डोमेन कंट्रोलरवरील सिसव्हॉल या सामायिक फोल्डरमध्ये असतो. त्यांच्या प्रती सर्व कंट्रोलरांवर सारख्या नसल्यास धोरण अर्धवट किंवा जुन्या रूपात लागू होते. डीएनएस सर्व्हरचा पत्ता चुकीचा असल्यास संगणकाला कंट्रोलर सापडत नाही, तर घड्याळांत ५ मिनिटांहून अधिक तफावत पडल्यास कर्बेरॉस ही ओळख पटवणारी यंत्रणा सहसा प्रवेश नाकारते. संपर्क सुरळीत असूनही नियम दिसत नसल्यास अग्रक्रम तपासतात : स्थानिक, साइट, डोमेन आणि संघटनात्मक विभाग या क्रमाने धोरणे लागू होऊन परस्परविरोधी नियमांत सामान्यतः शेवटचा टिकतो, मात्र वरच्या पातळीवर सक्तीचे केलेले धोरण त्यावर मात करते. जीपीरिझल्ट ही आज्ञा लागू झालेली व वगळलेली धोरणे दाखवते, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्रुटींची नोंद मिळते. सदस्य संगणकांवर धोरणांचे नूतनीकरण एरवी ९० ते १२० मिनिटांनी होते. जीपीअपडेट या आज्ञेने ते तत्काळ करता येते, तथापि सॉफ्टवेअर बसवण्यासारखे बदल संगणक पुन्हा सुरू होताना किंवा वापरकर्त्याने पुन्हा लॉगिन केल्यावरच अमलात येतात.