डाकोटांची गर्दी

भारतीय विमानसेवेच्या १९५३ मधील राष्ट्रीयीकरणाची कथा आपल्याकडे बहुधा नेहरू विरुद्ध जे. आर. डी. टाटा अशी सांगितली जाते. त्या काळचे अहवाल आणि विमानांच्या नोंदी चाळताना मला मात्र त्यात तिसरे पात्र सतत दिसत राहिले : डग्लस डाकोटा.

डिसेंबर १९३५ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या या दोन इंजिनी विमानाच्या दहा हजारांहून अधिक लष्करी आवृत्त्या महायुद्धात बांधल्या गेल्या. युद्ध संपल्यावर भारतात उरलेली अमेरिकी विमाने स्वस्तात विक्रीला निघाली. हवाई दलातून मोकळे झालेले वैमानिक आणि मेकॅनिकही हाताशी होते. विमानकंपनी काढण्यातला सर्वांत मोठा अडसर असतो विमानाच्या किमतीचा. तोच दूर झाला. १९४६ मध्ये नेमलेल्या परवाना मंडळाने परवानेही सढळ हाताने दिले.

मग स्पर्धा व्हायला हवी होती. पण ती कशाच्या जोरावर? बहुतेकांकडे तेच विमान, तोच वेग, तेवढ्याच आसनांच्या आसपास जागा, तेवढेच पेट्रोल. दर आसनामागचा खर्च शेजाऱ्यापेक्षा फारसा कमी करण्याची सोय कोणाकडेच नव्हती. वेगळेपण उरले ते फक्त मार्गाचे, आणि मार्ग मिळे परवान्यातून. त्यामुळे चढाओढ आकाशातून सरकारी कचेरीत आली.

शिवाय स्वस्त विमान उभे राहिले तरी महागच पडते. हँगर आणि पगार यांचा खर्च उड्डाणाच्या थोड्याच तासांवर पडत होता. अंबिका आणि ज्युपिटर या कंपन्या बुडाल्या. उरलेल्यांना सरकारने पेट्रोलवरील करात सूट दिली.

यावरचा एक कल्पक उपाय नागपुरात दिसतो. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला भेटत, टपालाच्या थैल्या व प्रवासी बदलून पहाटेपर्यंत परतत. एरवी रात्री जमिनीवर राहणाऱ्या विमानाला त्यामुळे काम मिळाले.

याउलट ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलने मुंबई-लंडन सेवा सुरू केली ती लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने. ते दूर पल्ल्याचे होते आणि डाकोटावाल्यांच्या आवाक्याबाहेरचे. १९५३ नंतरही त्या सेवेचे स्वतंत्र महामंडळ राहिले आणि अध्यक्षपदी जे. आर. डी. राहिले.

न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या चौकशी समितीने १९५० मध्ये कंपन्यांची संख्या कमी करण्याकडेच बोट दाखवले होते. तीन वर्षांनी आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. तिच्या वाट्याला ९९ विमाने आली, त्यांतली ७४ डाकोटा! कागदोपत्री आठ प्रतिस्पर्धी. प्रत्यक्षात जवळजवळ एकाच ताफ्याच्या आठ वाटण्या.

राष्ट्रीयीकरण योग्य की अयोग्य, हा वाद चालू राहील. पण त्या वादात ‘खासगी स्पर्धा भारतात अपयशी ठरली’ असे जे म्हटले जाते, ते मला पटत नाही. महायुद्धाची शिल्लक आणि परवान्यांची खैरात यांनी मिळून जे उभे केले, त्याला स्पर्धा म्हणणेच धाडसाचे आहे.