वाघोबाची शीव आणि उसातला बिबट्या

जुन्नर-अकोल्याकडच्या बोलीत बिबट्यालाही 'वाघ'च म्हणतात; पट्टे असलेला तो 'ढाण्या'. प्राणिशास्त्राला ही सरमिसळ मान्य होणार नाही, परंतु भाषेच्या आम्हां अभ्यासकांना तीत शेजाऱ्याची जुनी ओळख दिसते. महादेव कोळी आणि वारली वस्त्यांच्या आसपास वाघ कोरलेला दगड वा लाकडी फळी आढळते, वर चंद्र-सूर्य. हा वाघोबा. वाघबारसेला त्याला नैवेद्य दाखवतात. या पूजेला सरसकट 'निसर्गप्रेम' म्हणून मोकळे होणे आम्हांस पटत नाही. वस्तुतः तो गुरे राखणाऱ्यांनी भयापोटी केलेला करार होता: रान तुझे, गोठा आमचा. करार अधूनमधून मोडणार, हेही त्यांनी गृहीत धरलेले होते.

इंग्रजी अमदानीत करार संपला, इनाम आले. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या काळात हिंदुस्थानात इनामासाठी ८०,००० हून अधिक वाघ आणि दीड लाखाहून अधिक बिबटे मारले गेले. १९७२ च्या कायद्याने वन्य जनावराला संरक्षण दिले खरे. मात्र त्याची जागा जंगलातच, ही समजूत तशीच राहिली.

दरम्यान कुकडी प्रकल्पाचे कालवे आले, त्यांच्यामागे ऊस आला. उसात बिबट्याला दाट आडोसा मिळतो आणि वस्तीवर कुत्री-शेळ्या. जुन्नर भागात २००१ ते २००३ दरम्यान शंभराहून अधिक बिबटे पकडले गेले. त्यांतले कित्येक दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. परिणाम उलटा झाला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चारांवरून सतरांवर गेले. जनावर अनोळखी मुलखात टाकले जाते, हे एक कारण त्यांनी पुढे मांडले. पुढे अकोल्याच्या खोऱ्यात, जेथे चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, तेथे दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. अर्थात ते 'भरकटलेले' नव्हते. तेथलेच रहिवासी होते.

जुन्या कराराकडे परतावे, असे आम्ही म्हणणार नाही. त्याला निदान शीव होती. उसाला ती नाही. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते, आणि पाणी धरायला माणूस बॅटरी घेऊन त्याच फडात शिरतो. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांना तर दारही नसते. लेकरे तेथेच निजतात.