विमान, वादळ आणि ओला दुष्काळ : मांजराकाठच्या हानीचा व तिच्या परिभाषेचा इतिहास

१

मांजरा ही गोदावरीची एक प्रमुख उपनदी होय. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते आणि पूर्वेकडे वाहताना काही अंतर बीड व धाराशिव या जिल्ह्यांची सीमा बनते. तिच्या उत्तरेस केज तालुका व दक्षिणेस कळंब तालुका आहे. हा सारा मुलूख पर्जन्यछायेत मोडतो. त्यामुळे केजचा इतिहास म्हटला म्हणजे अवर्षणाचा, चारा-छावण्यांचा आणि ऊसतोडीसाठी होणाऱ्या स्थलांतराचा इतिहास, अशीच समजूत रूढ झालेली दिसते. ही समजूत चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या प्रदेशाचा वादळांशी व महापुरांशी असलेला संबंधही तितकाच विचारात घेण्याजोगा आहे.

२६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ नावाचे चक्रीवादळ आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ, जमिनीवर आले. किनारा ओलांडताच त्याचा जोर ओसरला आणि वेधशाळेच्या परिभाषेत ते क्रमाने ‘न्यूनदाबाचे क्षेत्र’ झाले. तथापि त्याने वाहून आणलेली वाफ ओसरली नव्हती. ते पश्चिमेकडे सरकत असता २७ व २८ सप्टेंबर रोजी मराठवाड्यात अतोनात पाऊस झाला. केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले आणि सेकंदास ७० हजार घनफुटांहून अधिक पाणी नदीपात्रात सोडण्यात आले. धरणाखालच्या गावांत पाणी शिरले आणि धाराशिव व लातूर जिल्ह्यांत नदीकाठी अडकलेल्या काही लोकांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. पुढे याच वादळाचे अवशेष अरबी समुद्रात पोहोचले, तेथे त्यांनी पुन्हा बळ धरले आणि ‘शाहीन’ या नव्या नावाने ३ ऑक्टोबर रोजी ते ओमानच्या किनाऱ्यावर आदळले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आंध्राच्या किनाऱ्यावर या वादळाला ‘गुलाब’ हे नाव होते, ओमानमध्ये ‘शाहीन’ हे नाव होते. मधल्या मराठवाड्यात मात्र ते निनावी होते. किनाऱ्यावर जी हानी झाली ती चक्रीवादळाची हानी म्हणून नोंदली गेली. केजच्या शेतकऱ्याच्या वाट्याला आली ती केवळ ‘अतिवृष्टी’. वारा एकच, वाफ एकच, परंतु नाव बदलले की नोंदही बदलते. हानीचा इतिहास हा असा काही अंशी नावांचा इतिहास असतो.

२

अशा निनावी वादळाचे उदाहरण दख्खनच्या पठाराला नवे नाही. केज परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या राजधानीवर २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीचा जो प्रलयंकर पूर आला, तोही बंगालच्या उपसागरातून आलेल्या वादळी पावसाचा परिणाम होता. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले आणि त्यांच्या योजनेतून उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. पुढे १९२३ ते १९३१ या काळात खुद्द मांजरा नदीवर, परंतु बऱ्याच खालच्या टप्प्यात, निजामसागर बांधण्यात आला. राजधानीच्या पुराला उत्तर मिळाले, तेलंगणातील भातशेतीला पाणी मिळाले. वरच्या अंगाचा केज परिसर मात्र कोरडाच राहिला. धनेगावचे धरण पूर्ण होण्यास १९८० साल उजाडावे लागले. या धरणाचा हेतू पाणी साठविणे हा होता, पूर अडविणे हा नव्हे. आणि पाण्याची ओढ असलेल्या मुलखात असे धरण पावसाळ्याच्या अखेरीस काठोकाठ भरून ठेवण्याकडेच कल असणे स्वाभाविक होते. वादळांचे अवशेष या बाजूस येतात तेही बहुधा सप्टेंबरअखेर, म्हणजे धरण भरत आलेले असताना. कोरड्या मुलखाची काळजीच अशा रीतीने पुराच्या वेळी अडचण होऊन बसते.

३

विमानविद्या आणि पूर यांचा महाराष्ट्रातील संबंध हेलिकॉप्टरच्या पुष्कळ आधीचा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एक लहानसे ‘पस मॉथ’ विमान मुंबईच्या जुहू मैदानावर उतरविले आणि टाटांच्या हवाई टपाल वाहतुकीला आरंभ झाला. जुहूचे ते मैदान समुद्रालगतचे, सखल व कच्चे होते. पावसाळा लागला की ते पाण्याखाली जाई आणि विमाने, वैमानिक व कारागीर असा सारा संसार पुण्याला हलवावा लागे. पाऊस सरला म्हणजे तो परत येई.

या साध्या घटनेत विमानाचे व पाण्याचे नाते पुरेपूर उमटलेले आहे. विमानाला मोकळी व सपाट जमीन लागते आणि अशी जमीन बहुधा तीच असते, जिच्यावर पाण्याचाही हक्क असतो. म्हणूनच लहान विमान हे पूर व वादळ यांचे सहज भक्ष्य ठरते. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यावर आदळलेल्या अँड्र्यू वादळाने टॅमिआमी विमानतळावरील जुन्या विमानांच्या संग्रहालयाची मोठी नासधूस केली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईचा विमानतळही बंद ठेवावा लागला होता.

परंतु विमानाची हानी ही हिशेबाला सोपी असते. प्रत्येक विमानाला नोंदणी क्रमांक असतो, त्याच्या उड्डाणांची व दुरुस्तीची वही असते, मालक ठरलेला असतो, बहुधा विमाही असतो. मुख्य म्हणजे वादळाची वर्दी वेळेवर मिळाली तर विमान हलविता येते. जुहूचे विमान पुण्याला गेले. जुहूच्या आसपासचे कोळी व शेतकरी गेले नाहीत, जाऊ शकले नाहीत. जंगम संपत्ती आणि स्थावर जीवन यांतील हा भेद केजच्या बाबतीत अधिकच तीव्र होतो.

केज तालुक्यात विमानतळ नाही. तथापि अलीकडच्या इतिहासात या मुलखाच्या आकाशाशी विमानाचा दोन प्रकारे संबंध आला. ऑगस्ट २०१५ मध्ये तीव्र अवर्षणामुळे राज्य शासनाने औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथून लहान विमानांच्या साहाय्याने मराठवाड्यावर कृत्रिम पावसाचा प्रयोग हाती घेतला. २०१९ मध्येही तसाच प्रयोग झाला. ढगांत क्षारकण सोडून पाऊस वाढविण्याची ही पद्धत असली, तरी तिला मुळात ढग असावे लागतात. निरभ्र आकाशातून ती पाणी काढू शकत नाही. २०१५ च्या प्रयोगानंतरही मांजरा धरण कोरडेच पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले. त्याच वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात अतिवृष्टी होऊन धरणात पाणी आले. विमानाचा दुसरा संबंध आला तो वर सांगितलेल्या २०२१ च्या पुरात आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये, बीड व धाराशिव जिल्ह्यांत पुराने वेढलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढले तेव्हा. सहा वर्षांच्या अंतराने एकाच नदीखोऱ्यावर एकदा पाऊस पाडण्यासाठी व एकदा पावसातून माणसे वाचविण्यासाठी विमान यावे, यातून या प्रदेशाच्या हवामानाची टोके स्पष्ट होतात.

हेलिकॉप्टरने प्राण वाचतात, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या दोराने माणूस वर येतो. त्याचे शेत, विहीर व गोठा खालीच राहतात. हेलिकॉप्टर परत गेल्यानंतर जी हानी उरते तिला कोणत्या शब्दांनी ओळखावे, हा यापुढील प्रश्न होय.

४

मराठीत या आपत्तींसाठी जे शब्द आहेत त्यांची कुळे वेगवेगळी आहेत. ‘महापूर’ संस्कृत वळणाचा, तर ‘तुफान’ व ‘नुकसान’ हे अरबीतून फारसीच्या वाटेने आलेले. ‘वादळ’ हा शब्द व हिंदीतील ‘बादल’ यांचे मूळ ‘वार्दल’ या एकाच शब्दात मानले जाते. हिंदीत त्यातील ढग उरला, मराठीत त्यातील उत्पात उरला. ‘चक्रीवादळ’ ही संज्ञा अर्वाचीन आहे. तिच्यामागे असलेला ‘सायक्लोन’ हा शब्द हेन्री पिडिंग्टन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात घडविला.

या सर्वांत विशेष लक्षणीय शब्द म्हणजे ‘ओला दुष्काळ’. वरवर पाहता यात विरोध आहे. दुष्काळ म्हणजे पाण्याचा अभाव, मग तो ओला कसा? परंतु हा विरोध खरा नव्हे. ‘दुष्काळ’ याचा व्युत्पत्त्यर्थ ‘वाईट काळ’ एवढाच आहे; ‘सुकाळ’ हा त्याचा प्रतियोगी शब्द. पावसाच्या अभावाला ‘अवर्षण’ वा ‘अनावृष्टी’ हे स्वतंत्र शब्द आहेत. जुन्या संस्कृत परंपरेत शेतीवरील संकटांना ‘ईती’ म्हणत आणि त्यांच्या गणनेत अतिवृष्टी व अनावृष्टी यांना शेजारी शेजारी बसविलेले आढळते. तेव्हा ‘ओला दुष्काळ’ म्हणणारा शेतकरी भाषेची मोडतोड करीत नाही. उलट, कोरडेपणाशी जखडल्या गेलेल्या शब्दाला तो त्याचा मूळचा व्यापक अर्थ परत देतो. पाऊस न पडल्याने आणि पाऊस फार पडल्याने घरातील धान्याची कणगी सारखीच रिकामी राहते, हा या शब्दाचा आशय आहे.

सप्टेंबर २०२५ च्या महापुरानंतर हा शब्द थेट राजकीय मागणीचा विषय झाला. ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ अशी मागणी मराठवाड्यातून होऊ लागली. शासनाच्या वतीने मुख्यमंत्र्यांनी असे स्पष्ट केले की, नियमसंहितेत ‘ओला दुष्काळ’ अशी संज्ञाच नाही. मात्र दुष्काळात ज्या सवलती दिल्या जातात त्या सर्व लागू केल्या जातील. त्यानंतर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटी रुपयांचे साहाय्य घोषित झाले. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख व रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतची कामे, असे त्यात अंतर्भूत होते.

जी संज्ञा लोकांच्या तोंडी आहे ती संहितेत नसणे ही केवळ कोशातील उणीव नव्हे. कोरड्या दुष्काळाची घोषणा हंगाम व प्रदेश यांचा एकत्रित विचार करते. अतिवृष्टीची नोंद मात्र दिवस, महसूल मंडळ आणि पर्जन्यमापक यांवर अवलंबून असते : चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. सलग आठवडाभर रोज ४० मिलिमीटर पडलेला पाऊस या व्याख्येत बसत नाही, परंतु शेंगा भरलेल्या सोयाबीनला उभ्या झाडावर कोंब फुटावयास तो पुरेसा असतो. मागाहून होणारा पंचनामा पिकाची, जमिनीची, जनावरांची, घरांची नोंद करतो. पण पाणी ओसरल्यावरही ज्या काळ्या रानात महिना महिना वाफसा येत नाही, आणि म्हणून ज्यात ज्वारीची वा हरभऱ्याची पेरणीच होत नाही, त्या न पेरलेल्या रब्बीला ‘पिकाची हानी’ कसे म्हणावे? जे पेरलेच नाही ते बुडालेही नाही, असा या परिभाषेचा तर्क होतो. २०२५ च्या साहाय्यात रब्बीच्या बियाण्यासाठी व अन्य कामांसाठी हेक्टरी १० हजार रुपये वेगळे द्यावे लागले, यातच त्या तर्काची अपूर्णता मान्य झालेली दिसते. ‘ओला दुष्काळ’ या शब्दात मात्र उभे पीक, खरडलेली माती आणि हुकलेली पेरणी ही तिन्ही सामावतात.

५

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. वादळ व पूर यांनी होणारी हानी सर्वत्र सारखी नोंदली जात नाही. जी वस्तू मोजलेली, नाव दिलेली आणि हलविता येण्याजोगी असते, तिची हानी इतिहासात ठळकपणे उतरते. लहान विमान हे तिचे चांगले उदाहरण होय. मांजराकाठची माती ही याच्या नेमकी उलट आहे. तिला वही नाही, वर्दी मिळाली तरी तिला हलविता येत नाही, आणि एकदा खरडून गेली की खालचा मुरूम व दगड उघडे पडतात. बेसॉल्ट झिजून अशी काळी माती तयार व्हावयास माणसाच्या पिढ्यांनी मोजता येणार नाही इतका काळ लागतो.

केजसारख्या प्रदेशाचा आपत्तींचा इतिहास लिहावयाचा तर धरणाच्या विसर्गाचे आकडे, वेधशाळेची वृत्ते व शासकीय पंचनामे ही साधने आवश्यकच आहेत. परंतु त्यांच्या जोडीला ‘खरडणे’, ‘चिबडणे’, ‘कोंब फुटणे’, ‘वाफसा न येणे’ हे गावोगावचे शब्दही साधन म्हणून गोळा केले पाहिजेत. यांतील प्रत्येक शब्द हानीचा एक निराळा प्रकार सांगतो, आणि त्यांतील काही प्रकारांना पंचनाम्यात अजून रकाना नाही. २०२१ व २०२५ या दोन्ही पुरांच्या आठवणी अद्याप ताज्या आहेत आणि ते शब्द बोलणारी माणसे नदीकाठीच राहत आहेत. हे काम आजच होण्याजोगे आहे.