एलायझा, मंजुळा आणि यंत्रश्रोता

१९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत घडविलेली ‘एलायझा’ ही संगणकप्रणाली प्रकाशात आली. नाव बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधील फुलवालीचे, मराठी प्रेक्षक तिला पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’तील मंजुळा म्हणून ओळखतो. ही प्रणाली मानसोपचारतज्ज्ञाच्या भूमिकेतून बोलणाऱ्याचेच वाक्य प्रश्नरूपाने परतवीत असे. तिला कळत काहीच नव्हते. तरीही तिची घडण डोळ्यांदेखत पाहिलेल्या चिटणीस बाईंनी तिच्याशी बोलताना वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले. १९७६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा प्रसंग नोंदविला, तो अस्वस्थ होऊन.

मंजुळा अखेर आपल्या शिक्षकाला उलट जाब विचारते. संवादाला आवश्यक असे हे अन्यत्व यंत्रातील एलायझाजवळ नव्हते आणि तिच्या आजच्या वारसांजवळही ते अभावानेच आढळते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला ‘चॅटजीपीटी’ची एक सुधारित आवृत्ती मागे घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्याची अतोनात हांजी हांजी करू लागली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये, सुमारे एक हजार व्यक्तींवरील चार आठवड्यांच्या अभ्यासात, अधिक वापराबरोबर एकाकीपणा व अवलंबित्वही अधिक असल्याचे दिसले. अर्थात, एकाकी माणूसच यंत्राकडे अधिक वळतो की यंत्र त्याला एकाकी करते, हा प्रश्न एवढ्याने सुटत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न लातूर-नांदेडच्या भाड्याच्या खोल्यांत विचारला पाहिजे. ‘लातूर पॅटर्न’चा लौकिक झाल्यापासून मराठवाड्यातील खेड्यांतून सोळा-सतरा वर्षांची मुले वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी येथे राहतात. (निकालांचा इतिहास आपण हौसेने लिहितो, खोल्यांचा नाही.) रसायनशास्त्राची शंका विचारण्यासाठी हाती घेतलेले यंत्र रात्री अपयशाच्या भीतीचेही श्रोते होऊ शकते. घरी सांगावे, तर आईवडिलांनी भरलेले शुल्क आठवते. यंत्रापुढे असा संकोच नसतो. त्याची ओढ आणि त्याचा धोका, दोहोंचे मूळ या निःसंकोचतेत आहे.

याच मुलांच्या आज्या-पणज्या मन मोकळे करीत ते जात्यावर. हेमा राईरकर व गी पॉइतव्हँ यांनी महाराष्ट्रभर संकलित केलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत सासुरवास आहे, भावाची वाट पाहणे आहे, मरणही आहे. ओवीतला श्रोता बहुधा दूरचा, भाऊ वा विठ्ठल. पण खुंट्याला पुष्कळदा दुसरी बाई असे. ती ओवी उचलून धरी, तशी पुढची आपल्या मनाची जोडी. दळण सरले की दोघी उठत.