मेपलचा जमाखर्च

‘शुद्ध’ आणि ‘स्वस्त’ हे दोन शब्द एकाच पाटीवर दिसले की आमची सौ. हटकून त्या दुकानात शिरते आणि मी हटकून बाहेर उभा राहतो. हा स्वभावाचा नाही, शिक्षणाचा परिणाम आहे. बी.कॉम.ला जे शिकवले त्यातले बहुतेक सगळे मी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मोकळ्या मनाने विसरलो. पण एक गोष्ट डोक्यात रुतून बसली ती बसलीच. एका खात्यावर जमा पडली की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावर तेवढीच रक्कम नावे पडली पाहिजे. त्यामुळे स्वस्त वस्तू दिसली की आनंद व्हायच्या आधी माझ्या मनात येते, हे नावे कुणाच्या खात्यावर पडले?

मेपल सिरपला हा प्रश्न लावायची वेळ सौ.च्या थोरल्या बहिणीच्या मुलामुळे आली. हा चिरंजीव माँट्रियालला असतो. गेल्या खेपेला येताना त्याने एक बाटली आणली. सौ.ने बोट बुडवून चाखले आणि निकाल दिला, “काकवीच की रे ही!”

“काकवी नाही मावशी, मेपल सिरप. झाडाचं.”

“केवढ्याला पडली?”

त्याने डॉलरमध्ये सांगितले. सौ.ने रुपयांत ऐकले आणि बाटलीचे झाकण जरा घट्ट लावले. “एवढ्यात कोल्हापूरची काकवी वर्षभर पुरेल. पुढच्या वेळी जरा हिंडून, भाव करून घे.”

“काका, तुम्हीच सांगा हो मावशीला. शुद्ध हवं तर एवढं पडणारच.”

असा निकाल मी पुराव्याशिवाय देत नाही. मी फाईल उघडली, आणि ती उघडत उघडत थेट अमेरिकेच्या तिसऱ्या राष्ट्राध्यक्षापर्यंत गेली.

पहिले पान उत्पादन खर्चाचे. साखर-मेपल नावाचे झाड तीस-चाळीस वर्षांचे झाले की त्याच्या खोडाला भोक पाडून रस काढतात. आपल्याकडे माडाला मडके लावतात त्यातलाच प्रकार, फक्त चढावे लागत नाही. हा रस वर्षभर येत नाही. हिवाळा सरताना, म्हणजे फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब असे हवामान जितके दिवस टिकेल तितकेच दिवस. आणि रस तरी कसा? पाण्यासारखा! त्यात साखर दोन-अडीच टक्के, साधारण बचत खात्यावरच्या व्याजाइतकी. ती आटवून सिरपमध्ये सहासष्ट टक्क्यांवर न्यायची. म्हणून एक लिटर सिरपला सुमारे चाळीस लिटर रस लागतो, आणि उरलेले एकोणचाळीस लिटर पाणी जळणाचे पैसे खाऊन वाफ होऊन जाते. आपल्या गुऱ्हाळासारखेच सगळे चालते: चुलवाण, काहील, वर येणारा फेस. आपल्याकडे मळी काढायला भेंडीचे पाणी घालतात. तिकडे फेस बसवायला लोण्याचा नाही तर सायीचा ठिपका टाकतात. ही विद्या तिथल्या मूळ रहिवाशांची. गोरे लोक जहाजातून उतरले ते तिथल्या लोकांकडून शिकले, आणि पुढे शिकवणाऱ्यांच्याच जमिनी घेतल्या. त्या गुरुदक्षिणेची नोंद अजून कुणाच्या वहीत नीट झालेली नाही.

आता राष्ट्राध्यक्ष. १७९१ साली टॉमस जेफरसन हे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. त्यांना फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी मेपलच्या झाडावर एक लांबलचक पत्र लिहिले. तेव्हा साखर यायची वेस्ट इंडीजमधून, आणि ती पिकवत होते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. डॉक्टरसाहेबांचे म्हणणे असे की, आपल्या रानात साखरेची झाडे उभी आहेत. शेतकरी, त्याची बायको आणि मुले मिळून घरच्या घरी साखर करू शकतात. मग उसाची साखर घ्यायचीच कशाला? मागणी संपली की गुलामीही संपेल. त्या काळी क्वेकर पंथाचे लोकही हेच सांगत होते. स्वस्त साखरेचे नावे कुणाच्या खात्यावर पडते, हे या मंडळींना बी.कॉम. न होता कळले होते.

जेफरसनना ही कल्पना फार आवडली. त्यांनी लाँग आयलंडच्या एका रोपवाटिकेतून मेपलची रोपे मागवली आणि व्हर्जिनियातल्या आपल्या माँटिसेलो इस्टेटीवर लावली. बाग धरली नाही. पण मला अडला तो वेगळाच मुद्दा. गुलामांच्या साखरेला पर्याय म्हणून आणलेली ही रोपे ज्या इस्टेटीवर लावली, तिथली खुरपणी-खोदाई करणारे हात गुलामांचेच होते! आयुष्यभरात जेफरसनच्या मालकीचे सहाशेहून अधिक गुलाम होते. आमच्या शाखेत काटकसरीचे परिपत्रक एकदा सतरा प्रतींत निघाले होते, त्याची आठवण झाली आणि मी हसलो. मग सहाशे हा आकडा पुन्हा वाचला आणि हसू गेले.

मेपलने गुलामी काही संपवली नाही. १८६५ मध्ये अमेरिकेतली गुलामी कायद्याने संपली ती यादवी युद्धानंतर. उसाची आणि बीटची साखर मात्र पुढे स्वस्त स्वस्त होत गेली, आणि त्या स्वस्ताईपुढे मेपलचा साखर म्हणून निभाव लागेना. तोवर मेपल म्हणजे मुख्यतः घट्ट ढेप असायची, आपल्या गुळासारखी. आता तिला सिरप होऊन चैनीच्या फडताळात बसावे लागले. मधल्या काळात अमेरिकन सरकारलाही तिची दया आली. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने देशी साखरेला पौंडामागे दोन सेंटपर्यंत अनुदान ठेवले आणि त्यात मेपलच्या साखरेलाही घेतले. १८९४ मध्ये ते बंद झाले. शेतकऱ्याला अर्जाची रीत कळेपर्यंत योजना गुंडाळायची, हा नियम सर्व देशांत सारखा दिसतो. बरीचशी मेपल साखर तर तंबाखू कंपन्या घेत, चघळायच्या तंबाखूला गोडी आणायला. म्हणजे डॉक्टर रशनी माणसाच्या उद्धारासाठी काढलेली साखर शेवटी लोकांनी थुंकून टाकली.

त्या जुन्या ढेपेच्या काळाने एक खोड मागे ठेवली. पांढऱ्या साखरेशी स्पर्धा होती तेव्हा जितका रंग फिका तितका भाव जास्त, कारण फिकी ती साखरेसारखी. स्पर्धा संपली तरी मोजमाप तेच राहिले. हंगामाच्या सुरुवातीचे फिके, नाजूक चवीचे सिरप ‘फॅन्सी’, आणि हंगामाच्या शेवटचे काळपट, दणदणीत चवीचे ते ‘बी’ ग्रेड. जाणकार आणि कंजूष (हे दोघे पुष्कळदा एकच असतात) गुपचूप ‘बी’ ग्रेड घेत. पैसे कमी, चव जास्त. शुद्ध मेपल रास्त भावात घ्यायची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली युक्ती ती हीच. आणि गंमत म्हणजे हिच्यात कुणाच्या खात्यावर काही नावे पडत नव्हते, फक्त खरेदीदाराच्या प्रतिष्ठेच्या! पण २०१४-१५ च्या सुमारास ग्रेडांची नवी पद्धत आली आणि दुकानात येणारे सगळे सिरप ‘ए’ झाले: सोनेरी, अंबर, गडद आणि अति गडद. आमच्या बँकेने कारकुनाला ‘असोसिएट’ केले त्याच जातीची ही बढती. सिरप तेच, पण ‘बी’ म्हणून नाक मुरडणारे गिऱ्हाईक गेले आणि त्याच्या जिवावर चालणारी आमच्यासारख्यांची सोयही गेली.

सोय गेली म्हणून स्वस्तवाले गप्प बसतात असे नाही. १८८७ मध्ये मिनेसोटातल्या टाऊल नावाच्या एका किराणावाल्याने मेपलमध्ये उसाचा पाक मिसळून लाकडी घराच्या आकाराच्या डब्यात विकायला सुरुवात केली. सामान्य माणसाला परवडावे हा हेतू. पुढे इतरांनीही अशी मिसळणे काढली आणि त्यांतून मेपलने हळूहळू काढता पाय घेतला. आज ‘पॅनकेक सिरप’ म्हणून जे मिळते ते बहुधा मक्याचा पाक, रंग आणि वास. १९०६ च्या शुद्ध अन्नाच्या कायद्यापासून लेबलावर खोटे लिहायची चोरी झाली, एवढेच. तेव्हा भाच्याला मी पहिली सूचना दिली ती अशी: बाटलीवरचे चित्र बघू नकोस, बारीक अक्षर बघ. घटकांच्या यादीत एकच शब्द असला पाहिजे.

आणि तो खोटा वास कशाचा करतात? मेथीचा! आपल्या मेथीच्या दाण्यात जो सुगंधी घटक असतो तोच मेपल सिरपच्या वासातही असतो. २००५ पासून न्यूयॉर्क शहरात अधूनमधून मेपल सिरपचा वास पसरू लागला. लोक घाबरून फोन करू लागले; अतिरेकी हल्ल्याची धास्ती घेतलेले शहर ते. शेवटी फेब्रुवारी २००९ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी खुद्द पत्रकारांना सांगितले की, नदीपलीकडे न्यू जर्सीत एक अर्कांचा कारखाना आहे, तिथे मेथीवर प्रक्रिया चालते, त्याचा हा वास. आमच्या सौ.ला विचारले असते तर तिने पहिल्याच दिवशी सांगितले असते की पलीकडे कुणी तरी बाळंत झाली आहे.

राहिला शेतकरी. जगातले सत्तर टक्क्यांच्या आसपास मेपल सिरप एकट्या क्वेबेक प्रांतात होते. हवामान चांगले की पीक उदंड, पीक उदंड की भाव पडला, आणि भाव पडला की आमच्यासारख्या खरेदीदारांची दिवाळी. म्हणजे नावे पुन्हा झाडाला भोके पाडणाऱ्याच्याच खात्यावर. म्हणून १९६६ मध्ये तिथल्या उत्पादकांनी महासंघ काढला, २००० साली सिरपचा राखीव साठा सुरू केला, २००४ मध्ये प्रत्येकाला कोटा ठरवून दिला. ठोक माल विकायचा तो महासंघामार्फतच. आपल्याकडच्या जुन्या कापूस एकाधिकार योजनेची ज्यांना आठवण आहे त्यांना पुढचे सांगायला नको. आपला कापूस रातोरात सीमा ओलांडत असे. त्यांचे सिरपही शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात जाऊ लागले, आणि महासंघ आपल्याच सभासदांवर खटले भरू लागला. तरीही मी महासंघाच्या बाजूचा आहे. २०२१ मध्ये पीक कमी आले तेव्हा साठ्यातून सुमारे पाच कोटी पौंड सिरप बाजारात आणले म्हणून भाव कडाडले नाहीत. हे एकट्यादुकट्या शेतकऱ्याला जमले नसते. शिवाय पाच लिटरपर्यंतच्या डब्यात शेतकऱ्याला आपल्या दारात थेट विकता येते. भाच्याला दुसरी सूचना ती: वसंतात शेतावर जा, नक्षीदार बाटली नको, साधा पत्र्याचा डबा घे, आणि गडद घे.

मेपल सिरप खऱ्या अर्थाने स्वस्तात मिळवले ते मात्र एकाच टोळीने. २०११-१२ ची गोष्ट. महासंघाने सें-लुई-द-ब्लँडफर्ड गावातल्या एका गोदामात पिंपे ठेवली होती. चोरांनी त्याच इमारतीत जागा भाड्याने घेतली. पिंपे बाहेर न्यायची, सिरप काढायचे, पाणी भरून परत ठेवायची. पुढे पुढे पाणी भरायचाही कंटाळा आला. साठ्याची तपासणी वर्षातून एकदा. जुलै २०१२ मध्ये तपासनीस पिंपांच्या थप्पीवर चढला आणि पायाखालचे पिंप डुगडुगले. भरलेले पिंप असे डुगडुगत नाही. हा तपासनीस वर चढला याचेच मला कौतुक. गोदामातली पोती दारातून मोजणारे साहेब मी पाहिले आहेत. हिशोब लागला तो ९,५७१ पिंपांचा; सुमारे तीन हजार टन, किंमत एक कोटी ऐंशी लाख कॅनडियन डॉलरच्या वर. पिंपामागे साधारण एकोणीसशे डॉलर पडतात. कच्चे तेल सांडले असते तर परवडले असते.

म्होरक्या व्हालिएर याला २०१७ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली, आणि वर नव्वद लाखांहून अधिक डॉलर दंड. न भरल्यास आणखी सहा वर्षे. त्याने अपील केले. म्हणणे असे की, एक कोटीला माल विकला हे खरे, पण माझ्या हातात नफा राहिला दहा लाखच. बाकी खर्च झाला. अपील कोर्टाला हे पटले आणि दंड दहा लाखांवर आला. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ मार्च २०२२ रोजी, म्हणजे आम्ही आमच्या शाखेत वर्षअखेरचे खाते जुळवत बसलो होतो त्याच दिवशी, न्यायालयाने निकाल दिला की चोराच्या धंद्याला खर्चाची वजावट नाही. जेवढा माल त्याच्या हातातून गेला तेवढी रक्कम धरा. सुमारे ९१ लाख डॉलर पुन्हा त्याच्या नावे पडले.