पॉलिवॉटर : नसलेल्या पट्ट्याचा अर्थ

हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतो. तरीही ते उणे ६० अंश सेल्सिअसला उकळते, आणि पाणी १०० अंशांना. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात म्हणून असे होते, हे आपण वर्गात सांगतोच. एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. लॅटिमर आणि रोडेबुश या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी १९२० साली तो पाण्याच्या संदर्भात मांडला. पण असा बंध आहे हे ओळखायचे कसे?

त्याचे एक चांगले उत्तर अवरक्त वर्णपटातून मिळाले. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातील ओ-एच बंध एखाद्या स्प्रिंगसारखा कंप पावतो आणि त्या कंपनाशी जुळणारे अवरक्त किरण शोषून घेतो. शोषणाची जागा ‘प्रति सेंटिमीटर’ या एककात सांगतात. वाफेतील सुट्या रेणूंत ही कंपने ३६५७ आणि ३७५६ वर असतात. द्रव पाण्यात त्यांच्याऐवजी ३४०० च्या आसपास एक रुंद पट्टा दिसतो, आणि बर्फात तो आणखी खाली, ३२२० च्या जवळ जातो. शेजारचा ऑक्सिजन हायड्रोजनला ओढू लागला की हायड्रोजनचा स्वतःच्या ऑक्सिजनशी असलेला बंध थोडा सैल पडतो आणि कंपन मंदावते. हायड्रोजन बंध जितका बळकट, तितका पट्टा खाली.

१९३५-३६ च्या सुमारास अमेरिकेच्या कृषिखात्यातील हिल्बर्ट, वुल्फ, हेंड्रिक्स आणि लिडेल यांनी काही कार्बनी संयुगांचे वर्णपट तपासले. रेणूत ओ-एच गट होता, पण त्याचा पट्टा अपेक्षित जागी नव्हता. त्यांनी निष्कर्ष काढला की पट्टा नाही, म्हणजे तेथे हायड्रोजन बंध आहे. तर्क बिनचूक होता, कारण त्या संयुगांत ओ-एच गट आहे हे रसायनशास्त्राने आधीच सिद्ध केले होते. ही अट आपण लक्षात ठेवू. पुढे तिचीच गरज पडणार आहे.

आता रशियाकडे वळू. १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कोस्त्रोमा येथील निकोलाय फेद्याकिन यांना केसासारख्या बारीक काचनळ्यांत पाण्याची वाफ थिजवताना एक विचित्र द्रव मिळाला. मॉस्कोच्या बोरिस देर्यागिन यांनी ते काम हाती घेतले. देर्यागिन कोणी हौशी संशोधक नव्हते. कलिल द्रावणांच्या स्थैर्याचा आजही शिकवला जाणारा सिद्धांत त्यांच्या नावावर आहे. हा द्रव १०० अंशांना उकळत नसे, शून्याच्या बराच खाली गेला तरी गोठत नसे, पाण्यापेक्षा कितीतरी दाट होता आणि त्याची घनता १.४ पर्यंत भरे. मात्र तो मिळे अगदी अत्यल्प, मायक्रोग्रॅमांत मोजावा इतका.

जून १९६९ मध्ये मेरीलँड विद्यापीठातील एलिस लिपिनकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ साप्ताहिकात या द्रवाचा वर्णपट छापला. ३४०० जवळचा पाण्याचा ठळक पट्टा त्यात नव्हताच. उलट १६०० आणि १४०० च्या आसपास जोरदार पट्टे होते. लेखकांनी त्याचा अर्थ असा लावला की हायड्रोजन बंध इतका बळकट झाला आहे की हायड्रोजन दोन ऑक्सिजनांच्या बरोबर मध्यावर बसला आहे. बायफ्लोराइड आयनात, दोन फ्लोरिनांच्या मध्ये, असा सममित बंध खरोखर असतो. त्यामुळे कल्पना अगदीच हवेतली नव्हती. ‘पॉलिवॉटर’ हे नाव याच निबंधातले. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये तर एका पत्रलेखकाने इशारा दिला की हा पदार्थ नळीबाहेर पसरला, तर पृथ्वीवरचे सगळे पाणीच तसे होऊन बसेल!

वर्णपट खोटा नव्हता. पट्टा पार खाली सरकला की ३४०० ची जागा रिकामी दिसते हे खरे. पण पदार्थात पाणीच नसेल तरीही ती रिकामीच दिसणार. दोन्हींत निवड करायची तर नमुन्यात आहे काय, हे वेगळ्या मार्गाने तपासावे लागते. बेल प्रयोगशाळेतील डेनिस रुसो आणि सर्जिओ पोर्तो यांनी १९७० मध्ये ते केले. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, सल्फेट असे बरेच काही निघाले. पाण्यात हे कुठून आले?

रुसो एकदा हँडबॉल खेळून आले आणि त्यांनी स्वतःचा घाम गोळा करून त्याचा वर्णपट घेतला. तो पॉलिवॉटरच्या वर्णपटाशी जवळजवळ जुळला. घामात सोडियम लॅक्टेट असते आणि त्यातील कार्बॉक्सिलेट गट १६०० आणि १४०० च्या आसपासच शोषण करतो. हा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. (वर्णपट घेण्यासाठी मिठाच्या पारदर्शक चकत्या वापरतात. त्यांना उघड्या बोटांनी शिवू नका, ही आम्ही नव्या विद्यार्थ्याला देतो ती पहिली ताकीद. नमुना मायक्रोग्रॅमांतला असेल तर बोटाचा एक ठसाही भारी पडतो.) काचेतून विरघळलेली सिलिका हीही काही नमुन्यांतली अशुद्धी होती. १९७३ मध्ये देर्यागिन यांनी चुरायेव यांच्यासह ‘नेचर’मध्ये स्वतःच लिहिले की त्या द्रवाचे गुणधर्म अशुद्धींमुळे होते. इतक्या वर्षांच्या कामानंतर असे लिहायला धैर्य लागते, असे आम्हांला वाटते.

मध्यावर बसलेला हायड्रोजन पुढे पाण्यातच सापडला, पण केशनळीत नव्हे. १९९६ साली वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेतील गोंचारोव्ह, हेम्ली, माओ आणि सहकाऱ्यांनी बर्फ दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबला आणि दाब वाढवत नेताना अवरक्त वर्णपट घेतले. दाबाबरोबर ओ-एच पट्टा खाली खाली सरकत गेला. वातावरणाच्या सुमारे सहा लाख पट दाबाला हायड्रोजन दोन ऑक्सिजनांच्या मध्यावर आल्याची खूण वर्णपटात दिसली. येथे पट्टा एकाएकी नाहीसा झालेला नव्हता. ३२०० पासून पुढे तो कोठे कोठे गेला, याची पावलोपावली नोंद त्यांच्याकडे होती.