मेरुरज्जू-आघातातील सोडियमन्यूनता
मेरुरज्जूला (पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या तंत्रिकांच्या दोरीला) इजा झाल्यावर रक्तरसातील सोडियम दर लिटरमागे १३५ मिलिमोलांपेक्षा कमी होण्याची अवस्था. मानेतील गंभीर आघातानंतर ती विशेष आढळते. गुंगी, ओकाऱ्या, झटके व मेंदूची सूज ही तिची लक्षणे होत.

इ. स. पू. सु. १६०० मधील एडविन स्मिथ पपायरस या ईजिप्शियन लेखात मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाची गणना असाध्यांत केली आहे. पहिल्या महायुद्धातही असे बहुतेक सैनिक शय्याव्रणे व मूत्रसंसर्ग यांमुळे दगावले. १९४४ मध्ये लूडविग गटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे स्वतंत्र केंद्र सुरू करून या दोहोंना आळा घातला. रुग्ण जगू लागल्यावर त्यांच्या शरीरव्यापाराचा दीर्घकालीन अभ्यास शक्य झाला.

सोडियमन्यूनतेच्या मीमांसेचा पाया मात्र अन्य विकारांच्या अभ्यासातून घातला गेला. १९५० मध्ये पीटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या विकारांत मूत्रावाटे लवण वाया जात असल्याचे दाखविले. १९५७ मध्ये श्वार्त्स, बार्टर व इतरांनी फुप्फुस-कर्करोगाच्या दोन रुग्णांत प्रतिमूत्रल हॉर्मोन अकारण स्रवत राहून पाणी साठते, असे प्रतिपादन केले. पहिल्या प्रकारात शरीरातील द्रव घटतो, दुसऱ्यात घटत नाही. साहजिकच पहिल्यास लवण व द्रव द्यावे लागतात, तर दुसऱ्यात पाणी मर्यादित करावे लागते.

मानेतील इजेने अनुकंपी तंत्रिका तंत्रावरील नियंत्रण सुटते. रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो व त्यामुळे प्रतिमूत्रल हॉर्मोन अधिक स्रवते. मूत्रखडे टाळण्यासाठी पुष्कळ पाणी पिण्याची सवय पुढे त्यात भर घालते. रक्तदाब उतरलेला असताना पाणी तोडल्यास मेरुरज्जूचा रक्तपुरवठा घटून मूळ इजा वाढण्याचा धोका असतो. म्हणून निदानाआधी रक्तदाब, द्रवाचा ताळेबंद व मूत्रातील सोडियम पाहतात.

झटके येत असल्यास ३% लवणद्राव शिरेतून देतात. परंतु घाईही घातक ठरते. १९५९ मध्ये अ‍ॅडम्स, व्हिक्टर व मँकॉल यांनी मस्तिष्क सेतूतील मायेलिन आवरणाच्या नाशाचे वर्णन केले; १९८० नंतरच्या दशकात त्याचा संबंध सोडियमाच्या वेगवान वाढीशी जोडला गेला. त्यामुळे २४ तासांतील वाढ ८ ते १० मिलिमोलांपलीकडे जाऊ देत नाहीत. हातपाय आधीच लुळे असल्याने या नव्या विकाराचा अंगघात अशा रुग्णांत लपून राहतो; बोलण्यागिळण्यातील बिघाड हीच त्याची प्रमुख खूण ठरते.